दगडाचा पत्ता

तलासरीहून उंबरगावकडे निघालं की वाटेत वेवजी लागतं. महाराष्ट्राच्या अगदी टोकाचं हे गाव. पलीकडे सोलसुंबा, ते गुजरातचं. एका राज्याची हद्द नेमकी कुठं संपते आणि दुसऱ्याची कुठं सुरू होते, यावरून इथं अधूनमधून वाद होतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. पायाखालच्या दगडाला मात्र याची काही खबर नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यांतून दख्खनचा हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. आज उरलेला त्याचा विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. तलासरी-डहाणूचा काळा दगड त्यातलाच, आणि पुण्या-नाशिकचाही त्यातलाच.

मी भूशास्त्र शिकवत आलो, त्यामुळे या भागात गेलो की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. आमच्या दगडात काही दुर्मीळ सापडेल का? आणि सापडलं तर ओळखायचं कसं? पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देणं धाडसाचं ठरेल. वेवजीच्या दगडात खजिना दडलाय, असं मी मुळीच म्हणत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र देता येतं, आणि आज ते देण्याची गरज आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन, डहाणूजवळचं वाढवण बंदर या सगळ्यांना दगड लागतो, खडी लागते. डोंगर फुटतो तेव्हा खडकाच्या आतल्या पोकळ्या पहिल्यांदाच उजेड बघतात. त्यांत काही असलं तर ते दिसण्याचा अवधी फार थोडा असतो. डंपर भरला, माल क्रशरवर गेला, की त्याची खडी झाली.

हे किती खरं आहे ते पाहायचं तर पुण्याजवळच्या वाघोलीची गोष्ट सांगायला हवी. कॅव्हानसाइट नावाचं एक निळं खनिज आहे. मोराच्या गळ्याचा निळा रंग असतो ना, तसा. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांची आद्याक्षरं जुळवून त्याचं नाव केलंय. ते पहिल्यांदा सापडलं १९६७ साली, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात. स्टेपल्स, इव्हान्स आणि लिंडसे या तिघांनी १९७३मध्ये त्याचं रीतसर शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. तिथं ते मिळत होतं अगदी किरकोळ, भिंगाखाली धरून बघावं इतकं.

त्याच दशकात पुणे परिसरातून बाहेर गेलेल्या दगडांतही हे खनिज ओळखलं गेलं. पण खरी कमाल झाली ती १९८८-८९च्या सुमारास, पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीत. तिथल्या दगडखाणींत कॅव्हानसाइट एवढं आणि इतकं सुंदर निघालं, की जगभरच्या संग्राहकांच्या तोंडी वाघोलीचं नाव झालं. पांढऱ्याशुभ्र स्फटिकांच्या गादीवर निळे गोंडे ठेवावेत, तसे हे नमुने दिसतात. आज जगातल्या कुठल्याही मोठ्या खनिज संग्रहालयात कॅव्हानसाइट दिसलं तर खालच्या चिठ्ठीवर बहुधा वाघोलीच लिहिलेलं असतं. आणि ज्या खाणींतून ते निघालं त्या काही रत्नांच्या खाणी नव्हत्या. त्या खडीच्या खाणी होत्या. कुणाच्या तरी नजरेनं ते निळं हेरलं, म्हणून ते वाचलं.

आता, हे स्फटिक दगडात येतात कुठून? लाव्हा वाहत असताना त्यात वायूचे बुडबुडे असतात. भाकरी फुगावी तसे ते वर येऊ पाहतात, आणि लाव्हा थिजला की तिथंच अडकतात. मागे राहते पोकळी. पुढे लाखो, कोट्यवधी वर्षं खडकातून कोमट-गरम पाणी झिरपत राहतं. ते खडकातला अंश अंश विरघळवतं आणि पोकळीत नेऊन ठेवतं. त्यातून स्फटिक वाढतात. यातल्या मोठ्या कुटुंबाचं नाव झिओलाइट. हे नाव स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ साली दिलं. तापवल्यावर हे दगड आतलं पाणी सोडून उकळल्यासारखे फसफसतात, म्हणून ग्रीक भाषेतले 'उकळणे' आणि 'दगड' हे दोन शब्द जोडून ते केलं. बोरघाटात १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेसाठी बोगदे खोदले, तेव्हा असेच सुंदर स्फटिक निघाले आणि थेट विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन बसले.

म्हणजे शोध घ्यायचा तो पोकळ्यांचा. घट्ट, एकजीव काळा दगड खडीला उत्तम, पण स्फटिकांच्या दृष्टीनं बहुतेक वेळा कोरडा. ज्या थरात पांढरे ठिपके, बदामाएवढे डोळे, लहानमोठी भोकं दिसतात, तिथं थांबावं. दोन लाव्हाथरांच्या मध्ये तांबडा, मातकट पट्टा असतो. त्याच्या वरचा आणि खालचा भाग बघावा. वाघोलीचं कॅव्हानसाइट मुख्यतः तुटक्याफुटक्या, बदललेल्या खडकाच्या फटींत मिळालं. कोकण किनारपट्टीत आणखी एक गोष्ट आढळते. जुन्या खडकाला पडलेल्या उभ्या भेगांत नंतरचा लाव्हा घुसून थिजलेला असतो, एखाद्या बांधलेल्या भिंतीसारखा. तिला भूशास्त्रात भित्ती म्हणतात. ती आणि बाजूचा खडक जिथं भिडतात तिथल्या भेगाही तपासाव्यात.

पोकळी सापडली. आता ओळख. आपल्याकडे चकाकत्या पांढऱ्या दगडाला सरसकट गारगोटी म्हणायची पद्धत आहे. खरी गार, म्हणजे क्वार्ट्झ, बाटलीच्या काचेवर सहज ओरखडा काढते. झिओलाइट काढत नाहीत. ही पहिली चाचणी. मात्र ती फुटलेल्या, टाकाऊ तुकड्यावर करायची, चांगल्या स्फटिकावर नव्हे.

दुसरी चाचणी आकाराची. मध्ये बांधलेल्या आणि दोन्ही टोकांना पसरलेल्या भाताच्या पेंढीसारखे स्फटिक दिसले, तर ते बहुधा स्टिल्बाइट. शवपेटीच्या आकाराचे, एका सपाट बाजूवर मोत्यासारखी चमक असलेले ते ह्यूलँडाइट. चौकोनी खांब किंवा चौकोनी मनोरा, आणि आडवा तुटला तर आरशासारखा सपाट तुटणारा, तो अपोफिलाइट. तो झिओलाइट नाही, पण त्यांच्याच सोबतीनं राहतो. सुयांचा जुडगा म्हणजे बहुतेक स्कोलेसाइट किंवा त्याचे भाऊबंद. कापसाच्या बोंडासारखे मऊ पांढरे गोळे म्हणजे ओकेनाइट. त्याला बोट लावू नये, लावलं की केस मोडतात ते कायमचे. सौम्य आम्लाच्या थेंबानं जो फसफसतो तो कॅल्साइट. आणि एक फसवा गडी आहे, लॉमोंटाइट. खडकातून काढला तेव्हा धडधाकट दिसतो, आणि वाऱ्यावर पाणी उडून गेलं की काही दिवसांत त्याचा भुगा होतो.

हे सगळे आपल्याकडचे नेहमीचे पाहुणे. यांची ओळख पक्की झाली, तरच न ओळखणारा, वेगळा कुणी आला तर कळतं. म्हणून मी मुलांना सांगतो, दुर्मीळ शोधायचं असेल तर आधी साधं पाठ करा. ज्याला स्टिल्बाइट कळत नाही त्याला कॅव्हानसाइट भेटलं तरी कळणार नाही.

समजा, पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळा ठिपका दिसला. लगेच हुरळून जाऊ नये. रंग हा सगळ्यांत कच्चा साक्षीदार. बेसाल्टच्या पोकळीत निळसर-हिरवं अस्तर वारंवार दिसतं. ते बहुधा सेलाडोनाइट असतं, मातीसारखं आणि निस्तेज. तांब्याची खनिजंही निळी असतात. त्यांतलं ॲझुराइट आम्लानं फसफसतं, कॅव्हानसाइट फसफसत नाही. आणि खाणीत यंत्रांचा, पिंपांचा निळा ऑइलपेंटही सांडलेला असतो, हे विसरू नये. खरं कॅव्हानसाइट दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली बघा. एका बिंदूपासून सगळीकडे फाकलेल्या बारीक पात्या दिसतात, काचेसारखी चमक दिसते आणि तो गोंडा पांढऱ्या स्फटिकांमधूनच वाढलेला दिसतो. कठिणपणा तीन ते चार, म्हणजे लोखंडी खिळ्यानं ओरखडतं. बाजारातला नमुना असेल तर गोंड्याच्या बुडाशी डिंकाची चकचकीत कड आहे का ते जरूर पाहा. सुटलेले गोळे दुसऱ्या दगडावर चिकटवून विकण्याचा उद्योगही चालतो.

एवढं करूनही शेवटचा निकाल डोळ्यांनी लागत नाही. कॅव्हानसाइटला एक जुळा भाऊ आहे, पेंटागोनाइट. दोघांतली मूलद्रव्यं तीच, प्रमाणही तेच, फक्त आतली रचना निराळी. पेंटागोनाइटच्या जोडस्फटिकांत पाच बाजू दिसतात, म्हणून हे नाव. तोही वाघोलीत मिळालाय. असा प्रश्न आला तर क्ष-किरणांच्या साहाय्यानं आतली रचना तपासावी लागते. त्याला चिमूटभर भुकटी पुरते आणि भूशास्त्र विभाग असलेल्या विद्यापीठात हे काम होऊ शकतं. मैदानातली ओळख ही पंचनाम्यासारखी असते, निकाल प्रयोगशाळेत लागतो.

आता गोळा करण्याबद्दल. पहिलं म्हणजे परवानगी. खाण कुणाची तरी असते, जमीन कुणाची तरी असते. तलासरी आणि डहाणू हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके आहेत. १९९६च्या पेसा कायद्यानुसार अशा भागात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. डहाणू तालुका तर १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. त्यामुळे हातोडी घेऊन कुठंही खणत सुटणं बरं नव्हे. मालकाला विचारावं, गावात सांगावं, आणि आधीच फुटलेल्या ढिगातून शोधावं. बहुतेक चांगले नमुने तिथंच असतात.

दुसरं, जीव. सुरुंग उडाल्यावर खाणीतला माणूस 'चला' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. दगडाच्या कड्याखाली उभं राहायचं नाही. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, पायांत बंद बूट. पावसाळ्यात तर खाणीच्या कडेलाही जाऊ नये. जगातला कुठलाही स्फटिक एका बोटाच्या मोलाचा नाही.

तिसरं, हात आवरणं. स्फटिक उपटायचा नसतो. तो ज्या दगडावर बसलाय त्या दगडासकट, चारी बाजूंनी भरपूर अंतर सोडून, छिन्नीनं हळूहळू सोडवायचा. सुटा निळा गोळा ही निव्वळ एक शोभेची वस्तू. आपल्या पांढऱ्या सोबत्यांसह असलेला गोळा हा पुरावा. कोण आधी वाढलं, कोण नंतर, पाणी कसं बदलत गेलं, हे त्या एकावर एक बसण्यावरूनच कळतं. घरी आणल्यावर आम्लात बुडवणं, तेल चोळणं, ब्रशनं घासणं हे प्रकार करू नयेत. मऊ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवावं. प्रत्येक नमुना वेगळा.

आणि चौथं, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. चिठ्ठी.

एका जुन्या संग्रहात मी कपाटभर खनिजं पाहिली आहेत. एकाहून एक सरस, आणि कित्येकांच्या खाली एकच शब्द, 'पूना'. आता पूना म्हणजे कुठलं? शहर? जिल्हा? की मुंबईहून माल घेणाऱ्या व्यापाऱ्यानं अख्ख्या दख्खनला दिलेलं नाव? तो दगड बोलत होता, पण कुठून बोलतोय हे कळायला मार्ग नव्हता. अभ्यासाच्या दृष्टीनं असा नमुना अर्धा मेलेला असतो. तो सुंदर राहतो, पण त्याच्यावरून पुढचा शोध घेता येत नाही.

मुंबईच्या मालाड-कांदिवली भागातल्या खाणींचंच बघा. वेवजीच्या लोकांना मुंबईला जाताना ज्या पश्चिम रेल्वेनं जावं लागतं, तिच्याच बाजूच्या या जागा. प्रेहनाइट, गायरोलाइट, बॅबिंग्टोनाइट अशी खनिजं तिथं मिळाली. पुढे शहर वाढलं आणि खाणी गेल्या. आता त्या खडकाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारायचं कुणाला? ज्या नमुन्यांबरोबर नीट चिठ्ठी आहे, फक्त त्यांनाच.

आणि पत्ते स्थिर राहत नाहीत. वाघोलीच घ्या. कालपर्यंत हवेली तालुक्यातलं गाव, २०२१पासून पुणे महापालिकेत. वेवजीच्या भागात तर पत्त्यांचा इतिहास आणखी गुंतागुंतीचा. १९६०पूर्वी उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. राज्यं वेगळी झाली आणि त्यातली गावं गुजरातेत गेली. इकडे राहिलेला तलासरी तालुका २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. समजा, एखाद्या जुन्या नमुन्यावर नुसतंच 'उंबरगाव तालुका, ठाणे' लिहिलंय. तो दगड आजच्या कुठल्या राज्यातला? सांगता येणार नाही. आणि आज कुणी वेवजीच्या शिवारातून उचललेल्या दगडावर नुसतं 'तलासरी' लिहिलं, तर पन्नास वर्षांनी हीच पंचाईत होईल.

म्हणून चिठ्ठी जागेवरच लिहायची, घरी येऊन नव्हे. घरी आल्यावर चार दगड चार ठिकाणचे होते हे आठवतं, पण कुठला कुठचा हे आठवत नाही. नमुन्याला क्रमांक द्या. तारीख, खाण किंवा रस्त्याचं खोदकाम, गाव, तालुका, जिल्हा, राज्य लिहा. आता प्रत्येकाच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांश मिळतात, तेही लिहा. कारण तालुके बदलतील, राज्यांच्या हद्दींवर वाद होतील, अक्षांश-रेखांश तेच राहतील. जमिनीपासून अंदाजे किती खोल, कुठल्या थरात, अखंड खडकातून काढला की ढिगातून उचलला, शेजारी कुठली खनिजं होती, हेही लिहा. नमुना हलवण्याआधी एक फोटो काढा, त्यात मापासाठी एखादं नाणं ठेवा.

आणि सापडलं कुणाला, ते लिहा. हे मी आवर्जून सांगतो. पोकळी उघडते तेव्हा तिथं प्राध्यापक नसतो, व्यापारी नसतो. तिथं पहारीवर किंवा यंत्रावर काम करणारा मजूर असतो. तलासरी-डहाणूत तो बहुतेक वेळा इथलाच आदिवासी माणूस असतो. त्याची नजर दिवसभर दगडावर असते, त्यामुळे वेगळं काही आलं तर पहिल्यांदा त्यालाच दिसतं. पण वेगळं दिसलं तरी ते बाजूला ठेवून उपयोग काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि बाजूला ठेवलंच तर त्याच्या हाती काही पडत नाही. स्फटिक पुढे हात बदलत जातो, किंमत वाढत जाते, आणि पहिल्या माणसाचं नाव पहिल्याच वळणावर गळून पडतं. त्याला रास्त मोबदला आणि चिठ्ठीवर त्याच्या संमतीनं त्याचं नाव, एवढं झालं तर खडीत जाणाऱ्या कितीतरी गोष्टी वाचतील, असा माझा विश्वास आहे.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. ज्यांना चांगले नमुने बघून नजर तयार करायची आहे, त्यांनी नाशिक जिल्ह्यात सिन्नरचं गारगोटी संग्रहालय जरूर बघावं. दख्खनची ही सगळी मंडळी तिथं एका छताखाली भेटतात. पण मला खरी आशा वाटते ती गावच्या शाळांकडून. तलासरी-डहाणूसारख्या भागातल्या प्रत्येक शाळेत एक लाकडी खोकं, एक भिंग आणि एक वही असावी. मुलांनी विहिरीच्या खोदकामातला, रस्त्याच्या कडेचा, खाणीच्या ढिगातला दगड आणावा. गुरुजींनी तो वहीत चढवावा. त्यातले शंभरातले नव्व्याण्णव दगड साधेच असतील. साधे असले तरी शंभर साध्या दगडांची पत्त्यासकट नोंद म्हणजे त्या गावाच्या खडकाचा इतिहास असतो, आणि तो आज फारशा गावांकडे नाही. एखादे दिवशी शंभरावा दगड निराळा निघालाच, तर तो कुठून आला हे विचारायला कुणाच्या दारी जावं लागणार नाही. वहीत लिहिलेलं असेल.

येत्या रविवारी कुठं डोंगर फुटलेला दिसला आणि परवानगी मिळाली, तर जरूर थांबा. हातोडी नसली तरी चालेल. वही आणि पेन्सिल मात्र बरोबर असू द्या.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)